आल्टोला चाल नसते

चर्चमधून घरी जाताना लोक जी चाल गुणगुणत जातात ती सोप्रानोची असते. आल्टोची ओळ गुणगुणत घरी गेलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. सोप्रानो म्हणजे वरचा आवाज, गाण्याची चाल त्याच्याकडे. आल्टो म्हणजे त्याच्याखालचा बायकांचा आवाज, जो नसला तर सगळ्यांना काहीतरी कमी वाटतं आणि असला तर कोणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या थोरल्या मुलीचंही तसंच असतं म्हणा. या घरात थोरली आल्टो होती आणि धाकटी सोप्रानो. लहानपणी दोघींना एकाच दिवशी गायनमंडळात नेलं, तिथल्या मास्तरांनी एकेक ओळ म्हणायला लावली, मग धाकटीला पुढच्या रांगेत उभं केलं आणि थोरलीला मागच्या. पुढे दोघींची लग्नं झाली, पोरं झाली, केस पिकले, पण रांगा काही बदलल्या नाहीत.

थोरलीचं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान होतं. चेन बदलणं, कंबर सैल करणं, कोटाला नवं अस्तर लावणं. दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात तिचा नवरा कुलुपं दुरुस्त करायचा, किल्ल्या घासायचा, आणि गायनमंडळात बेस म्हणजे पुरुषांचा तळाचा आवाज गायचा; पुरुषांचा वरचा आवाज तो टेनर. धाकटी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. फोनवर तिचा आवाज ऐकला की माणसाची दाढ निम्मी दुखायची थांबते, असं तिचे डॉक्टर म्हणायचे, आणि डॉक्टर असं म्हणतात हे ती स्वतः सगळ्यांना सांगायची.

दोघींचं बिनसलं ते नवे पाळक आल्यावर. पाळक वाईट माणूस नव्हता, तिथंच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी सरळ भांडता येतं. हा गिटार घेऊन आला, सगळ्यांशी हसून बोलला आणि हसता हसता वर्षभरात चर्च उलटंपालटं करून टाकलं. ऑर्गनवर चादर पडली. ऑर्गन वाजवणारे म्हातारे गृहस्थ एक शब्द न बोलता दुसऱ्या चर्चमध्ये निघून गेले. गीतांची पुस्तकं खोक्यात गेली आणि भिंतीवर पडदा आला, पडद्यावर नुसते शब्द. वेदीच्या बाजूला ड्रम आले, आणि त्यांचा आवाज फार होतो म्हणून ड्रमवाल्याला चारी बाजूंनी काचेत बसवलं. “ज्याला पिंजऱ्यात कोंडावं लागतं ते वाद्य आत आणायचंच कशाला?” असं कुलूपवाल्याने भर सभेत विचारलं. त्यानंतर कुठल्याही सभेत त्याला काही विचारायचं नाही असं जणू ठरलंच.

एवढं सगळं थोरलीने गिळलं असतं. पण एका रविवारी धाकटी मागच्या खोलीत झगा घालायला आलीच नाही. गायनमंडळातले सगळे झगे घालून, गुंड्या लावून वाट बघत उभे, आणि बाई आपल्या निळ्या ड्रेसमध्ये पुढे माइक धरून उभी. सोप्रानो गेल्यावर गायनमंडळात राहिलं काय? तळाचे आवाज राहिले, वर कोणीच नाही. महिन्याभरात मंडळ बंद पडलं आणि झगे धुऊन, इस्त्री करून कपाटात गेले. ते धुणंही थोरलीनेच केलं.

चर्चच्या पायऱ्यांवर दोघी समोरासमोर आल्या तेव्हा आजूबाजूचे लोक चपळाईने बाजूला झाले.

“ताई, लोक झोपतात गं आपल्या गाण्यांना,” धाकटी म्हणाली. “मागे तर भर उपासनेत आपला टेनरच झोपला.”

“त्याला औषधं चालू आहेत.”

“आणि तरुण मुलं येईनाशी झाली होती, त्याचं काय?”

“आता येतात ती देवासाठी येतात की तुझ्या माइकसाठी, ते बघ आधी.”

“जळतेस तू.”

“मी? एकच ओळ बारा बारा वेळा म्हणायची आणि त्याला भक्ती म्हणायचं! देवाला पहिल्या वेळेलाच ऐकू येतं. बहिरा नाही तो.”

“अजून नाही. तुमचे चार आवाज ऐकून होईल.”

त्या दिवसापासून दोघींत बोलणं उरलं ते आईच्या औषधांपुरतं. आई धाकटीकडे राहायची, कारण धाकटीचं घर तळमजल्यावर होतं. दुपारी धाकटी दवाखान्यात गेली की थोरली दुकानावर पाटी उलटी करून आईजवळ जाऊन बसायची. संध्याकाळी दारात दोघींची गाठ पडायची. “गोळी दिली.” “पाणी?” “प्यायली थोडं.” एवढंच. फोनवर दात दुखणाऱ्यांशी मधाळ बोलणारी बाई बहिणीशी मात्र मोजून मापून बोलायची, आणि थोरलीला त्याचा इतका संताप यायचा की घरी जाताना ती रस्ताभर स्वतःशी भांडत जायची.

आईने जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्री केली होती. तिचं बोलणंही तसंच, सरळ आणि चटका देणारं. एका दुपारी ती डोळे मिटून पडली होती. थोरलीला वाटलं झोपली. तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “एक विचारू? रागावू नकोस.”

“विचार की.”

“तू तिथं खरंच गायचीस का गं?”

थोरलीला आधी हसूच आलं. “म्हणजे काय आई! इतकी वर्षं काय नुसती उभी होते?”

“तोंड हलायचं, ते दिसायचं मला. पण कितीही कान दिला तरी ऐकू यायची ती धाकटीच. मग मी डोळे मिटून मनातल्या मनात धाकटीला बाजूला सारायची. तर मधेच तुझा नवरा यायचा घूं घूं करत.”

“आल्टो असाच असतो आई. त्याने मिसळूनच जायचं असतं.”

“असेल. मला त्यातलं कळत नाही. पण मी दोन मुली जन्माला घातल्या आणि ऐकली एकच.” आईने डोळे उघडले. “मी गेले की ते दारवालं गीत तू म्हण. एकटीने. धाकटी मधे येईल, तिला राहवायचं नाही. येऊ देऊ नकोस. तुझा आवाज मला एकदा नुसता ऐकायचाय.”

“मग आत्ता म्हणते ना.”

“आत्ता नको. कान गेलेत माझे. तेव्हा नीट ऐकू येईल.”

थोरलीने हसू लपवायला तोंडाला पदर लावला, पण आई गंमत करत नव्हती. शब्द दे म्हणाली, आणि थोरलीने दिला. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. एका सकाळी धाकटी चहा घेऊन तिच्या खोलीत गेली, तर ती गेलेली होती.

अंत्यविधीचं ठरवायला पाळकांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. खोली कसली, अडगळ होती ती. एकावर एक चढवलेल्या खुर्च्या, वायरींची भेंडोळी, आणि भिंतीला टेकवलेला एक जादा ड्रम. थोरलीला बसायला दिलेली खुर्ची नेमकी त्या ड्रमला चिकटून होती, ती हलली की तो आपला घुमायचा.

“आईंचं आवडतं गीत कोणतं?” पाळकांनी विचारलं.

“दारवालं,” दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकमत झालं याचाच दोघींना राग आला.

त्या गीताचं खरं नाव कोणी घेत नसे. प्रभू, दार उघड, मी घरी आलो आहे, असं काहीसं पहिलं कडवं होतं म्हणून गायनमंडळात ते दारवालं. ते सुरू झालं की कुलूपवाल्याकडे बघून कोणीतरी हटकून हसायचं.

“आमच्या मुलांनी त्याची नवी चाल बसवलीय,” धाकटी म्हणाली. “शब्द तेच. शेवटी ‘दार उघड, दार उघड’ असं सगळे मिळून म्हणतात. रडतात लोक.”

“बारा वेळा दार ठोठावल्यावर आतलाही रडेल,” थोरली म्हणाली. “ते गीत जुन्याच चालीत होणार. आणि मी म्हणणार. एकटी.”

“तू?”

“आईने सांगितलंय.”

“तुला सांगितलं? कधी?”

“दुपारी. तू नव्हतीस.”

“वा! आई राहायची माझ्याकडे, तिचं सगळं केलं मी, आणि शेवटची इच्छा सांगितली ती तुला, दुपारी, मी नसताना. साक्षीला कोण होतं?”

“धाकटे, तोंड सांभाळ.”

“का सांभाळू? शेवटी शेवटी आई मला लॉन्ड्रीतल्या मुकादमाच्या नावाने हाक मारायची. ती काहीही बोलायची, आणि तू त्यातलं तुला हवं ते उचललंस. तुला एकदा पुढे उभं राहायचंय, एवढंच आहे हे. आयुष्यभराची हौस. आणि त्यासाठी आई मरावी लागली!”

ड्रम घुमला, कारण थोरली उठून उभी राहिली होती. पाळकांनी दोन्ही हात वर केले. बिचाऱ्याला लग्नं लावायला आणि माणसं पुरायला शिकवलं होतं, बहिणी सोडवायला कोणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला धाकटीच्या मंडळींची गाणी होतील, मग थोरल्या बाई एकट्या ते गीत म्हणतील, मग प्रार्थना, असं त्यांनी घाईघाईने वाटून टाकलं.

“ठीक आहे,” धाकटी म्हणाली. “पण साथ कोणी करणार नाही. आमच्या मुलांना जुनी चाल येत नाही.”

“नकोच आहे मला.”

“मग म्हणून दाखव एकदा. इथं. बघू तरी.”

“तुझ्यापुढे परीक्षा द्यायला मी दवाखान्यात नोकरी मागायला आलेली नाही.”

तिने तिथं एक ओळ म्हणून दाखवली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं. धाकटीला तिथल्या तिथं कळलं असतं. पण राग कोणाला एक ओळ म्हणू देतो?

पुढचे दोन दिवस थोरलीने दुकानात मशिनवर बसून गीत घोळवलं. कोणाच्या तरी विजारी आखूड करायच्या होत्या. पाय खाली चालत होता, हात कापड पुढे सारत होते आणि गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक येत होतं. शब्द कुठे अडले नाहीत, श्वास कुठे तुटला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तिने नवऱ्याला समोर बसवलं.

“अहो, नीट ऐका हं. चुकलं तर सांगा.”

कुलूपवाल्याने हातातली कानस खाली ठेवली, डोळे मिटले आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मान डोलावत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, “काही चुकलं नाही. अगदी जसंच्या तसं.”

तेही खोटं नव्हतं. ती आपली ओळ म्हणत होती आणि त्याच्या डोक्यात खालून त्याचा बेस चालला होता, वरून धाकटीची चाल चालली होती, मधून तो झोपाळू टेनर. अर्ध्या आयुष्यात दोघांनी ते गीत चार आवाजांशिवाय ऐकलंच नव्हतं. त्यातला एकच आवाज खोलीत आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. अशी चूक गायनमंडळातलीच माणसं करू जाणोत. बाहेरचं शेंबडं पोरसुद्धा म्हणालं असतं, बाई, हे कसलं गाणं?

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. लॉन्ड्रीतल्या जुन्या बायका आल्या होत्या, धाकटीचे डॉक्टर आले होते, आणि नव्या गाण्यांची तरुण मंडळी तर बाकांवर मावेनात. आईची शवपेटी मधोमध. धाकटीच्या मंडळींनी दोन गाणी म्हटली. ड्रमवाल्याने आज काचेत बसून अगदी हळू वाजवलं, थोरलीलाही ते कबूल करावं लागलं आणि कबूल करावं लागलं म्हणून ती आणखी चिडली. धाकटी सुरेख गायली. रडत होती तरी सूर हलला नाही. मग ती पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि पाळकांनी थोरलीकडे पाहून मान हलवली.

थोरली पायऱ्या चढून पुढे गेली. माइक तिने बाजूला सारला. पेटीकडे बघितलं, मनात म्हणाली, ऐक गं, आणि सुरुवात केली.

दारवाल्या गीताची चाल पहिल्याच ओळीत डोंगर चढते. आल्टो त्या वेळी पायथ्याशी एका सुरावर उभा असतो. पूर्ण ओळभर तोच सूर. दुसऱ्या ओळीत एक पाऊल खाली, परत वर. थोरलीने ते अगदी बिनचूक म्हटलं. आणि तिसऱ्या बाकावरच्या एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं.

थोरलीने ते पाहिलं. मग तिला बाकीचे चेहरे दिसले. लॉन्ड्रीतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या. तरुणांतलं कोणीतरी खाली मान घालून खांदे हलवत होतं. दुःखाने हलणारे खांदे वेगळे असतात. पाळकांच्या चेहऱ्यावर दया होती. ही बाई रडून रडून सूर हरवून बसली आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. कोणी म्हणतही असेल, ही गाणं म्हणतेय की पाढे?

तेव्हा तिला कळलं. धाकटी गात होती ती तिच्या डोक्यात. इतकी वर्षं ती त्या आवाजाला धरून खालून चालत आली होती, आणि तो आवाज आज बाहेर नव्हताच. लोकांना ऐकू येत होती ती एकटी, चालीवाचून, भिंती उभ्या राहायच्या आधीच्या चौथऱ्यासारखी. तिचे कान तापले. तिने चाल पकडायचा प्रयत्न केला. चाल तिला ठाऊक नव्हती थोडीच? हजारदा ऐकली होती. पण ती कधी म्हटली नव्हती. गळा तिकडे वळेचना. वर चढायला गेली तर आवाज चिरकला आणि पुन्हा आपल्या जुन्या जागी येऊन बसला.

आणि धाकटी उभी राहिली.

तिने बाकावरूनच चाल धरली. माइक नाही, काही नाही, पण तो आवाज छतापर्यंत गेला. चर्चमध्ये एकदम सुटकेचा श्वास पसरला. अच्छा, हे गीत होय! लॉन्ड्रीतल्या म्हाताऱ्यांनी चाल ओळखली, एकेक करून गाऊ लागल्या, मागून तरुण आले, आणि दुसरं कडवं सुरू होईस्तोवर सगळं चर्च धाकटीच्या मागे होतं. थोरलीचं तोंड हलत होतं, पण तिचा आवाज तिचा तिलाच ऐकू येईना.

ती गायची थांबली. कोणाच्याही लक्षात आलं नाही. कोपऱ्यात चादरीखाली धूळ खात उभा असलेला ऑर्गन आणि ती, दोघं सारखीच. ती नुसती ऐकत राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गीताची चाल तिला बाहेरून ऐकू आली. फार सुंदर होती. ती इतकी सुंदर आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या क्षणी तिला धाकटीचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. सगळं हिच्याकडे. चाल हिच्याकडे, माइक हिच्याकडे, आई हिच्या घरी. आणि आईने मागितलेली एक गोष्ट, तीही ही पहिल्या बाकावरून घेऊन चालली. मदत करतेय असं लोक म्हणतील. धाकटी स्वतःही तसंच म्हणेल, आणि रात्री शांत झोपेल.

थोरली पायऱ्या उतरली. पेटीला वळसा घालून पहिल्या बाकाशी गेली. धाकटी डोळे मिटून गात होती. थोरलीने उजवा हात उचलला आणि तिच्या तोंडावर ठेवला. ठेवला म्हणजे दाबला. शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात, त्याची पकड सैल नसते.

गाणं मागच्या बाकांपासून विझत गेलं. धाकटीने डोळे उघडले. तिच्या नवऱ्याने उठायचा अर्धा प्रयत्न केला आणि कुलूपवाल्याने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. पाळक एक पाऊल पुढे आले आणि तिथंच राहिले. काचेतला ड्रमवाला काठ्या हातात धरून उभा होता.

“बस झालं,” थोरली म्हणाली. “हे कडवं माझं.”

आणि तिने शेवटचं कडवं सुरू केलं. चालीसाठी धडपडली नाही. आपली ओळ धरली, पायथ्याची, एका सुराची, जी कोणाला ओळखू येणार नव्हती. आवाज जाडसर होता, जरा खरखरीत, मध्यमवयीन बाईचा असतो तसा. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. आता कोणी हसलं नाही, कारण बहिणीचं तोंड दाबून गाणाऱ्या बाईला हसायची हिंमत कोणाची?

दुसऱ्या ओळीला तिला तळहातात काहीतरी लागलं. धाकटी चावेल असं तिला वाटलं होतं, तिने तयारीही ठेवली होती. पण ते दात नव्हते. धाकटी मिटल्या ओठांनी गुणगुणत होती. चाल. बाहेर कोणाला ऐकू जाणार नाही इतकी बारीक, नुसती तळहाताला गुदगुल्या करणारी. हट्ट म्हणून, की वर चढून तुटलेला तो मघाचा आवाज ऐकवेना म्हणून, ते थोरलीला कळलं नाही आणि विचार करायला वेळही नव्हता. चाल डोंगर चढली ती तिच्या हातात चढली, आणि तिच्याखाली तिने आपला आवाज टेकवला, नेहमीसारखा. तिसऱ्या ओळीला तिचा सूर जरासा उतरला, तेवढा तिने सावरून घेतला. धाकटीचे डोळे तिच्या डोळ्यांत होते आणि त्यांत माया अजिबात नव्हती. दोघींनी तशाच, एकमेकींकडे खाऊ की गिळू असं बघत, आईचं गीत शेवटपर्यंत नेलं. ऐकू आली ती फक्त थोरली.

आमेन म्हणून तिने हात काढला. पाळकांनी घाईने प्रार्थना सुरू केली.

दफनभूमीत लोक दोघींपासून अंतर ठेवून उभे होते. कोणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय बाईच्या. कोणी म्हणालं, धाकटीचा संयम बघा, दुसरी असती तर तिथंच झिंज्या उपटल्या असत्या. लॉन्ड्रीतली एक म्हातारी तेवढी थोरलीजवळ येऊन म्हणाली, “तुझा आवाज आईसारखा आहे गं. पहिल्यांदाच ऐकला.” थोरलीने तिचा हात घट्ट धरला आणि तिला इतकं रडू आलं की म्हातारीलाच तिला सावरावं लागलं.

माती टाकून झाली. माणसं पांगली. धाकटी येऊन शेजारी उभी राहिली, तोंड समोर करून. ओठांची लाली हनुवटीपर्यंत पसरली होती आणि तिने ती पुसली नव्हती. लोकांनी बघावी म्हणूनच पुसली नसावी.

“तिसऱ्या ओळीला उतरलीस,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“कोणाला कळलं नाही. कळणार कसं? कोणाला काहीच कळलं नाही. लोकांना वाटलं तू पाढे म्हणतेस.”

“लोकांसाठी नव्हतंच ते.”

“ताई, पुन्हा माझ्या अंगाला हात लावलास ना, तर चारचौघांत कानाखाली वाजवीन. थोरली म्हणून बघणार नाही.”

“वाजव.”

“आणि रविवारी येऊ नकोस. पाळक तुला सांगायला घाबरतील, म्हणून मी सांगते.”

“येणार,” थोरली म्हणाली. “मागच्या बाकावर बसणार आणि मोठ्याने आल्टो गाणार. तुझ्या त्या बारा वेळच्या ओळीलासुद्धा.”

“त्या गाण्यांना आल्टो नाहीये.”

“करीन मी,” थोरली म्हणाली, आणि तळहाताला लागलेली लाली पुसायला पिशवीत रुमाल शोधू लागली.